नाक्यावर न घेतलेलं नाव

परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, हीरोबरोबर फोटो काढला का? काढला. फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत आणि तो माझ्या खांद्यावर हात ठेवून असा उभा आहे, की बघणाऱ्याला मी त्याचा गावाकडचा कुणी म्हातारा काका वाटावा. खरं म्हणजे तो मी आहे. सिनेमातला.

हे जरा सविस्तर सांगायला हवं. मी परराष्ट्र खात्यात नोकरी केली. तरुणपणी एका वाळवंटी देशातल्या आपल्या दूतावासात दुय्यम अधिकारी असताना तिथे लढाई पेटली. (देशाचं नाव लिहू नका असं सिनेमावाल्यांनी बजावलंय, त्यामुळे तुम्हीच अंदाज करा.) आपली माणसं गोळा करून सीमेपलीकडे पोचवायची हे काम माझ्या गळ्यात पडलं. त्या धावपळीत मला शालन भेटली. ती तिथल्या एका खासगी हॉस्पिटलात नर्स होती, मूळची वेंगुर्ल्याची. पुढे तिच्याशी लग्न झालं. एवढ्यावरून कुणाला सिनेमा काढावासा वाटेल असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि शालनला तर हसून हसून ठसका लागला असता.

शालनला जाऊन तीन वर्षं झाली. शेवटच्या आजारात मेंदूत रक्तस्राव झाला, पण 'पाणी द्या', 'पंखा बंद करा' एवढं ती बोलायची. एक दिवस सकाळच्या राउंडला आलेल्या तरुण डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवून तिला विचारलं, "आजी, हे कोण? यांचं नाव सांगा बघू." ती गप्प राहिली. त्यांनी पुन्हा विचारलं. ती गप्पच. डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले, "काका, ओळख गेलीय हो त्यांची." मी म्हणालो, "ती माझं नाव कधीच घेत नाही." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हाताऱ्या माणसाच्या पाठीवर हात ठेवला की पुढे बोलता येत नाही. त्याच आठवड्यात ती गेली.

तिने मला ओळखलं होतं आणि नेहमीसारखं नाव घेतलं नाही, की मी कोण हेच तिला कळत नव्हतं? तीन वर्षं हा प्रश्न माझ्याबरोबर जेवायला बसतो. मुलगी बंगलोरला असते. तिला हे कधी विचारलं नाही. ती "बाबा, अर्थातच ओळखलं असणार" म्हणाली असती, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

म्हणून सिनेमावाल्यांचा फोन आला की लढाईतला तपासणी-नाक्यावरचा प्रसंग चंदीगडला घेतोय, येता का, तेव्हा मी हो म्हणालो. ते नाव न घेण्याचं प्रकरण त्या नाक्यावर सुरू झालं होतं. खोटं का होईना, ते पुन्हा एकदा डोळ्यांसमोर घडलं तर काहीतरी उमगेल असं मला वाटलं.

सेक्टर ४३

जानेवारीत उत्तरेत जाऊ नये हे मला साताऱ्यातल्या निम्म्या लोकांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. दिल्लीहून पुढची गाडी धुक्यात रखडली म्हणून मी शहाणपणा करून बस पकडली आणि सेक्टर ४३च्या बसस्टँडवर उतरलो. सिनेमावाल्यांचा माणूस माझ्या नावाची पाटी घेऊन रेल्वे स्टेशनवर उभा. फोनवर तो म्हणाला, "सर, आप हिलना मत." मी हललो नाही. हलण्यासारखं काही दिसतही नव्हतं. धुक्यातून एकेक बस यायची, कंडक्टर दारातून पटियाला, शिमला, अमृतसर अशा आरोळ्या ठोकायचा, आणि पुन्हा सगळं पांढरं.

कोपऱ्यावर एकाने ब्रेड-पकोडा आणि चहा दिला. चहात वेलची, आलं आणि दूध इतकं की आपल्याकडे त्याला बासुंदी म्हणतील. मी तो घेऊन बाकावर बसलो. शेजारी मी शालनपुरती जागा रिकामी ठेवली होती, हे मला चहा संपल्यावर कळलं. पिशवी तिकडे ठेवून दिली.

चंदीगडमध्ये वस्त्यांना नावं नाहीत, आकडे आहेत. सतरा, बावीस, पस्तीस. आम्ही पेठांची आणि गल्ल्यांची माणसं. आम्हाला पत्ता म्हणजे देऊळ, पार, गिरणी, त्यामागचं कुणाचं तरी घर. इथे सगळा हिशेब सरळ. रस्ते रुंद, चौकाचौकांत बागा, आणि बाग संपते तिथे पुन्हा तसाच चौक. मी गाडीतून जाताना तीन वेळा म्हणालो, "हे आपण मघाशी बघितलं की." ड्रायव्हर म्हणाला, "नहीं सर जी, वो दूसरा था." शालनला हे गाव आवडलं असतं. नाव घ्यायची भानगडच नाही.

मनीमाजरा

मला मोठ्या हॉटेलात ठेवणार होते, पण मी आधीच कळवलं होतं की मला घरचं जेवण मिळेल असं काहीतरी बघा. म्हणून मनीमाजऱ्याच्या बाजारामागे एका घरात वरची खोली दिली. मनीमाजरा हे जुनं गाव, चंदीगडने पोटात घेतलेलं. इथे मला हायसं वाटलं. रस्ता वाकडा, तारा लोंबकळणाऱ्या, कुणाच्या तरी दारात म्हैस.

घर एका सरदारणीचं. सगळे तिला बीजी म्हणत, मीही म्हणू लागलो. वयाने माझ्याएवढीच असेल. मुलगे कॅनडात. पहिल्याच सकाळी तिने माझ्यापुढे मुळ्याचा पराठा ठेवला आणि त्यावर पांढऱ्या लोण्याचा गोळा. मी दुसऱ्याला नको म्हणालो तर म्हणाली, "लै लो जी, ठंड विच कुछ नहीं होता." तिसऱ्याला तिने विचारलंच नाही. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करतात. इथे पाहुण्याला विचारण्याचीच पद्धत नसावी. मग पिन्नी आणली. पिन्नी म्हणजे आपल्या डिंकाच्या लाडवाची धिप्पाड बहीण. एकात माझं दुपारचं जेवण झालं.

भिंतीवर एका रुबाबदार सरदाराचा हार घातलेला फोटो होता. बीजी त्यांच्याविषयी सतत बोलायची. सरदारजींना मुळ्याचा पराठा आवडायचा, सरदारजी लष्करात होते, सरदारजींनी हे घर स्वतः उभं राहून बांधून घेतलं. मी सहज विचारलं, "उनका नाम क्या था?"

तिने कणकेचा हात तसाच दाराकडे केला. "बाहर लिखा है जी. पढ़ लो."

मी बाहेर जाऊन वाचून आलो. आत येऊन मी इतका हसलो की तिने मला पाण्याचा पेला दिला. मग तिला सगळं सांगितलं, आणि ते तुम्हालाही इथेच सांगून टाकतो.

त्या हॉस्पिटलातल्या बाकीच्या नर्सेस आदल्या दिवशीच्या बसने निघाल्या होत्या. शालन मागे राहिली, कारण तिच्या वॉर्डातली एक बाई बाळंत होत होती आणि ती मोकळी झाल्याशिवाय ही हलायला तयार नव्हती. मी दूतावासाची गाडी घेऊन तिला आणायला गेलो. तिचा पासपोर्ट हॉस्पिटलच्या मालकाकडे, मालक पळालेला. ती गाडीत बसली ती हाताला साबणाचा वास घेऊन. वाटेत मी तिला नावही विचारलं नाही आणि तिने मलाही. ती मला 'साहेब' म्हणत होती.

शहराबाहेर नाका लागला. तिथे फौज होती की टोळी, कुणास ठाऊक. बंदुका होत्या एवढं खरं. माझ्याकडे सरकारी पासपोर्ट, मला कुणी हात लावला नसता. तिच्याकडे चिटोरंही नव्हतं. बिनकागदाच्या बायकांना ते तिथेच उतरवून घेत, आणि उतरवलेल्यांचं पुढे काय होई ते आम्ही दूतावासात रोज ऐकत होतो. मी मोडक्यातोडक्या भाषेत म्हणालो, "ही माझी बायको." दाढीवाला त्यांचा म्होरक्या माझ्याकडे बघतच राहिला. मग गाडीत वाकून त्याने तिला विचारलं, "तुझ्या नवऱ्याचं नाव काय?"

तिला माझं नाव माहीत नव्हतं.

मला वाटलं, संपलं. आणि ही बाई त्यांच्याच भाषेत, वॉर्डातल्या नातेवाइकांना दटावावं तशा आवाजात म्हणाली, "आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत."

तो म्होरक्या थांबला. मग मागे वळून सोबत्यांना काहीतरी म्हणाला आणि सगळे हसले. त्याची आईही घेत नसे, असं काहीतरी तो म्हणाला असं शालनने मला नंतर सांगितलं. त्याने गाडीच्या टपावर थाप मारली. आम्ही सुटलो. बरंच पुढे गेल्यावर तिने विचारलं, "साहेब, तुमचं नाव काय?" मी सांगितलं. ती म्हणाली, "बरं."

लग्नानंतर तिने ते नाव उच्चारलं नाही. लग्नात बायकांनी दार अडवून उखाणा वसूल केला, तेवढाच अपवाद. तशी ती जुन्या वळणाची मुळीच नव्हती. भर बाजारात माझ्याशी भांडायची, स्कूटर चालवायची, घरातला पैसा तिच्या हातात. पण गॅसवाल्याने फोनवर "साहेबांचं नाव?" विचारलं की रिसीव्हर माझ्या हातात. मी चिडवायचो तर म्हणायची, "न घेतल्याने वाचलो आपण. आता कशाला घेऊ?" मी तिला 'अहो' झालो तो शेवटपर्यंत.

बीजीने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच विचारलं, "ते बाळ झालं का त्या बाईला?" हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. झालं होतं, मुलगी.

इंडस्ट्रियल एरिया

नाका उभारला होता इंडस्ट्रियल एरियात, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात. ट्रकने वाळू आणून पसरली होती. खोटी खजुराची झाडं, गोळ्यांच्या खुणा रंगवलेली भिंत, पत्र्याचं छप्पर. वास मात्र शेजारच्या वर्कशॉपमधल्या वेल्डिंगचा. दर थोड्या वेळाने तिकडून हातोड्याचे आवाज सुरू व्हायचे आणि इकडून कुणीतरी पळत जाऊन "भाई साहब, दो मिनट" म्हणून हात जोडायचं.

धुकं वितळल्यावर ऊन पडलं, पण थंडी तशीच. आणि सिनेमात कडक उन्हाळा. मी दोन स्वेटर, कानटोपी आणि मफलर असा उभा. माझ्यासमोर 'मी' अर्ध्या बाहीच्या शर्टात, चेहऱ्यावर घाम म्हणून पाणी फवारलेलं. मला त्याची दया आली. सिनेमात माझं नाव विक्रम आहे. विक्रम म्हणवून घेण्यासारखं मी जन्मात काही केलेलं नाही. एकदा विक्रमने गाडीतून उडी मारून दार आपटलं. मी त्या दिवशी हॉस्पिटलच्या दारात गाडीतून उतरताना धोतरात अडखळल्यासारखा पँटमध्ये अडखळलो होतो.

शालनचं काम जसलीन नावाची मोहालीची मुलगी करत होती. तिला बघून मला आधी काहीच वाटलं नाही. उंच, गोरी, खांदे ताठ. शालन तिच्या कोपराला लागली असती. पण शॉटच्या आधी एकाने वाटीतून बर्फाचे खडे आणले आणि या मुलीने एक तोंडात टाकला. बोलताना तोंडातून वाफ येते, आणि वाळवंटात वाफ दिसली तर लोक हसतील; म्हणून तोंड आतून गार करायचं. त्या थंडीत, पातळ कपड्यांत, ती बर्फ चघळत उभी राहिली आणि एका शब्दाने कुरकुरली नाही. तिथे मला पहिल्यांदा वाटलं, ही जमवेल.

मग शॉट झाला. म्होरक्याने वाकून विचारलं, नवऱ्याचं नाव? आणि जसलीन गाडीतून अर्धी बाहेर येऊन, डोळ्यांत पाणी आणून ओरडली, "विक्रम! विक्रम नाम है इनका!" मग दोघं एकमेकांकडे बघतात आणि संगीत. संगीत नंतर घालणार होते, पण कुठे ते मला समजलं.

टाळ्या पडल्या. मी खुर्चीवरून उठलो.

दिग्दर्शिका रिधिमा ही मुंबईची हुशार, सभ्य मुलगी. तिने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तितक्याच शांतपणे नाही म्हणाली. "सर, आजची मुलगी तिकीट काढून बसलीय. हीरोइन नवऱ्याचं नाव घेत नाही असं दाखवलं तर ती म्हणेल, किती मागासलेलं. इथे ती त्याला पहिल्यांदा आपलं म्हणते. मोठ्याने म्हणते. हीच तर लव्ह स्टोरी आहे."

मी म्हणालो, "तिला नाव माहीतच नव्हतं."

"म्हणून तर आम्ही आधी एक पार्टीचा सीन टाकला, सर. तिथे तो तिला नाव सांगतो."

"म्हणजे ती वाचली माझ्या नावाने?"

"सर, तुम्ही तर वाचवलंत त्यांना!"

मी चिडलो. आवाज चढला, कानटोपी सरकली, हातवारे झाले. लाइटवाले बघायला लागले. मी म्हणालो की मी कुणालाही वाचवलं नाही, मी पुतळ्यासारखा बसलो होतो, तिने आम्हा दोघांना वाचवलं आणि तेही माझ्या नावाशिवाय. पण रिधिमाच्या चेहऱ्यावर डॉक्टरांसारखा भाव येताना मला दिसला. ती पाठीवर हात ठेवायच्या आत मी गाडी मागवली.

सुखना

दुसऱ्या दिवशी मी शूटिंगला गेलो नाही. सुखना तलावावर गेलो. चंदीगडची सगळी माणसं इथे चालायला येतात. जोडीने, घोळक्याने, कुत्र्याबरोबर. पाण्यावर परदेशातून आलेली बदकं, पलीकडे डोंगर अंधुक. जागा सुंदर आहे, आणि सुंदर जागी एकट्याने जाऊ नये. "ते बघ" म्हणायला तोंड उघडतं आणि तसंच मिटावं लागतं. साताऱ्याच्या घरात मी एकटा आहे हे भांड्यांना आणि खुर्च्यांना माहीत झालंय. परगावात ते नव्याने कळतं.

मुलीचा फोन आला. स्वेटर घातला का, गोळ्या घेतल्या का. मी मोठ्याने मराठीत उत्तरं देत चाललो होतो. फोन ठेवला आणि मागून बाईचा आवाज आला, "अहो!"

मी जागच्या जागी वळलो. कसा वळलो ते मला सांगता येणार नाही. तीन वर्षांत या हाकेने कुणी मला वळवलं नव्हतं.

"अहो काका, मफलर पडला ना तुमचा," ती बाई म्हणाली. तिशीतली, नांदेडकडची. नवरा हवाई दलात, इथे बदलीवर. "मराठी ऐकलं न् पळतच आले बघा. कोण्या गावचे तुम्ही?" तिचा छोटा मुलगा माझ्याकडे टकामका बघत होता. "मम्मा, ये अंकल भी नानाजी जैसे बोलते हैं." "मराठीत बोल की." "बोल तो रहा हूँ." तिने कपाळावर हात मारला. मग पुढे गेलेल्या नवऱ्याला हाक मारली, "ए सुमित, थांब ना यार!" तो थांबला, आणि तिघं हसत-भांडत निघून गेली. मला त्यात काही खटकलं नाही. ते तिचं त्याच्यासाठीचं नाव, आणि मजेत घेतलेलं. मला फक्त बसावंसं वाटलं, म्हणून बसलो.

तिथे बसून मी दवाखान्यातली ती सकाळ पुन्हा आठवून बघितली. हजारदा बघितली आहे. डॉक्टर विचारतात, ती गप्प. तिचे डोळे कसे होते? ओळखीचे होते की रिकामे? मला दरवेळी तेवढंच नेमकं आठवत नाही. माझ्याच बायकोचे डोळे, मी उशाशी उभा, आणि आठवत नाहीत. स्वतःचा राग येतो.

पुन्हा इंडस्ट्रियल एरिया

तिसऱ्या सकाळी रिधिमाचा निरोप आला की जसलीनला तुमच्याशी बोलायचंय. गेलो. जसलीन पांघरूण घेऊन शेगडीपाशी बसली होती. मला कढी-चावलचं ताट दिलं. इथली कढी घट्ट, आंबट, आत भजी बुडवलेली. आपली कढी हिच्यापुढे सरबत वाटेल.

"अंकल जी," ती मुंबईत उचललेल्या मराठीत हिंदी मिसळत म्हणाली, "रिधिमा मॅमने सांगितलं तुमचं भांडण. माझी दादीसुद्धा नाव घेत नव्हती. मैं मॅम को बोलके एक टेक आपके वाला करूंगी. पक्का. बाकी एडिटिंगमध्ये काय ठेवतील ते त्यांचं. पण मला करता येत नाहीये. एक बात बताओ. जब उसने नाम पूछा, आंटी जी किसको देख रही थीं? आपको, या फौजी को?"

"का?"

"फरक आहे ना. ज्याला नाव येत नाही तो काय करतो? जिसका नाम है, उसका मुँह देखता है. चेहऱ्यावर शोधतो. मी पण तेच करणार होते. पण मग तो फौजी पकडेल ना, यार! त्याला लगेच कळेल की ही ओळखत नाही."

मी ताट खाली ठेवलं. नाका आठवला. मी तिच्याकडेच बघत होतो, भीतीने, नजर हलवता येत नव्हती. आणि मला काय दिसत होतं? कान. तिचा डावा कान, त्यातली मोत्याची कुडी, मागे सुटलेले केस. चेहरा पलीकडे, त्या म्होरक्याकडे. तिने माझ्याकडे एकदाही बघितलं नव्हतं.

"फौजीकडे," मी म्हणालो. "सरळ त्याच्या तोंडाकडे. मला फक्त कान दिसत होता."

"बस, हो गया," जसलीन म्हणाली आणि बर्फ मागवला.

मी मॉनिटरपाशी बसलो. कॅमेरा गाडीत माझ्या, म्हणजे विक्रमच्या, बाजूने लावला होता. म्होरक्या वाकला, त्याने विचारलं. जसलीनने मान फिरवली आणि पडद्यावर तिचा कान आला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग दटावल्यासारखं म्हणाली, "हमारे यहाँ औरतें पति का नाम नहीं लेतीं." विक्रम पुतळ्यासारखा बसून होता. उत्तम बसला होता.

आणि मला दवाखाना दिसला. मी उशाशी डाव्या बाजूला उभा, डॉक्टर पलीकडे. "आजी, यांचं नाव सांगा बघू." तिचे डोळे मला आठवत नव्हते, कारण ते मला दिसलेच नव्हते. मला दिसत होता कान. रिकामा, तपासणीसाठी कुड्या काढून माझ्या खिशात दिल्या होत्या. तिने माझ्या चेहऱ्यावर काहीही शोधलं नव्हतं. ती मान वळवून त्या डॉक्टरांकडे बघत होती, सरळ, दोन्ही वेळा, आणि गप्प होती.

नाव तिला आठवत होतं की नव्हतं, हे मला आता कळायचं नाही. कदाचित गेलंही असेल पुसून. पण नाक्यावर तरी ते तिला कुठे माहीत होतं? त्या दिवशी तिच्याकडे माझं नाव नव्हतं आणि तरी ती माझी बायको म्हणून त्या बंदुकवाल्याच्या डोळ्याला डोळा देऊन बसली होती. दवाखान्यातही ती तशीच बघत होती. नवरा कोण, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मी रडलो. चांगला हमसून रडलो, मफलर तोंडाला लावून. रिधिमा धावत आली. "सर, इतका आवडला?" मी मान हलवली. तिने पाठीवर हात ठेवला आणि या वेळी मी तो राहू दिला.

परत

निघताना बीजीने पिन्न्यांचा डबा बांधून दिला. दारापर्यंत आली. म्हणाली, "इतने दिन रहे, नाम तो आपने बताया ही नहीं."

मी म्हणालो, "घर के बाहर लिखा है."

ती खूप हसली. साताऱ्याला पोचलो, कुलूप काढताना पाटीवर नजर गेली. शालननेच बनवून आणली होती. रंगाऱ्याला नाव सांगायची वेळ आली तेव्हा तिने विजेचं बिल पुढे केलं होतं. आत जाऊन दोन कप चहा टाकला. सवय. एक मी प्यायलो, आणि दुसऱ्याला आज पहिल्यांदाच मोठ्याने सांगितलं, "अगं, मला कळलं."